सेवेला हुद्दा हवा

तुमसरहून निघालेला राज्यमार्ग सिहोऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांमधून बपेऱ्याला येतो, आणि पुढे बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. ही सरहद्द फार जुनी नाही. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नदीचे दोन्ही काठ एकाच प्रांतात होते आणि दोहोंकडचे दप्तर नागपूरच्याच सचिवालयात जात असे. सोयरिकी, आठवडी बाजार आणि दिवाळीनंतरच्या मंडया आजही या हद्दीला जुमानीत नाहीत. जुमानतो तो कायदा. अलीकडे एका राज्याचा अबकारी परवाना, पलीकडे दुसऱ्याचा. अलीकडच्या ठाण्याचा अंमल पुलाच्या मध्यावर संपतो आणि पलीकडच्याचा तेथून सुरू होतो. या दोन अंमलांच्या सांध्यावर जो १६-१७ वर्षांचा मुलगा वाढतो आहे, त्याच्या हातात खर्रा किंवा बाटली आली तर त्याची विचारपूस करण्याचे काम नेमके कोणाच्या हुद्द्यात मोडते, हा प्रश्न मी अनेकांना विचारला. पोलीसपाटलापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाने कळकळीने ऐकून घेतले, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच कोणाचे तरी नाव सांगितले.

आमच्या भागातल्या पोराला व्यसनाची पहिली ओळख कोण करून देतो, याचा शोध घेऊ गेल्यास तो फार दूर न्यावा लागत नाही. संध्याकाळी बाप शेतावरून येतो, बाजेवर टेकतो आणि म्हणतो, ‘जाय ना गा बाबू, ठेल्यावरून खर्रा घेऊन ये.’ पोरगा जातो. पानठेलेवाला सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका पन्नीत बांधून देतो, आणि पोरगा चालता चालता ती पन्नी दोन तळव्यांमध्ये घोटतो. चुना सगळीकडे सारखा लागावा, सुपारी मऊ पडावी, म्हणून मन लावून घोटतो, कारण खर्रा चांगला घोटला तर बाप शाबासकी देतो. घर येईपर्यंत खर्रा तयार झालेला असतो, आणि त्यातली एक चिमूट कमीही झालेली असते. येथे बंडखोरी नाही, वाईट संगत नाही, चोरी म्हणावी तर तीही नाममात्र. केवळ आज्ञाधारकपणाच्या वाटेने व्यसन मुलाच्या तोंडात गेले आहे. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे दुकान मांडणे हे २००३ च्या कायद्याने गुन्हे ठरविले आहेत, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि राज्यातील प्रौढांमधले तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु बापाने मुलाला ठेल्यावर पाठवू नये, असे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते सांगणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचे बापाने ऐकावे अशी त्याची तयारी लागते.

दारूचेही तसेच. मोहाला मी दोष देणार नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली वाकणाऱ्या बाया ज्या फुलांवर वर्षाचे मीठ-मिरची भागवतात, जे फूल वाळवून खाल्ले जाते आणि देवालाही वाहिले जाते, त्या फुलाचा यात काय अपराध? परंतु घरच्या विधीतला द्रोणभर मोह निराळा आणि गूळ-नवसागराची हातभट्टी निराळी; मंडईच्या रात्री दंडार पाहायला गेलेल्या पोरांच्या टोळक्यात फिरणारी बाटली तर त्याहून निराळी. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणींमधला कामगार असो की धान रोवणीच्या मजुरीवर जगणारा भूमिहीन असो, अंग मोडून काम करणाऱ्याला रात्री झोप देणारी म्हणून दारू घरात शिरते आणि काही वर्षांनी त्याच घराची झोप उडवते. या घरांतली मुले बारा-तेराव्या वर्षीच जाणती होतात. आज बाप कसा येईल हे त्यांना अंगणातल्या त्याच्या पावलांवरून समजते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशव्यापी पाहणी केली आणि तिचा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात सुमारे ५.७ कोटी माणसांना दारूच्या त्रासापायी मदतीची गरज आहे, असे त्यात नोंदले आहे. आणि दारूवाचून राहणेच अशक्य झालेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेण्याचे भाग्य १८० मागे एकाच्या वाट्याला येते. मुलांच्या बाबतीत याच पाहणीने आणखी एक गोष्ट पुढे आणली. पंक्चरचे द्रावण, व्हाइटनर यांसारखे हुंगण्याचे पदार्थ हा नशेचा एकच प्रकार असा आहे, की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांत अधिक आढळले. ३८ मधील उरलेल्या ३७ जणांचे काय होते, हे आकड्यांच्या तक्त्यात नसते. ते आमच्या गावांत पाहावयास मिळते.

मी पाहिलेली एक हकीकत सांगतो. एका घरातल्या कर्त्या तरुणाने आईच्या शपथेखातर दारू एका दिवसात बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घामाने अंगरखा भिजला. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरून किडे उतरताहेत असे ओरडत उठला आणि मेलेल्या आजोबांशी बोलू लागला. घरच्यांनी बाहेरचे लागले म्हणून भगताला बोलावले. लिंबू कापले, धूर झाला, आणि त्या धुरात दीड दिवस गेला. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत मेंदूची जी अवस्था होते, तिच्यात भास होतात, फिट येते, प्रसंगी प्राणही जातो. पण जीवनसत्त्व ब-१ ची इंजेक्शने आणि मेंदू शांत करणारी औषधे वेळेवर मिळाली तर माणूस आठवडाभरात उठून बसतो, एवढे त्या गावात एकाही माणसाला ठाऊक नव्हते. तो मुलगा वाचला, कारण नात्यातल्या एका परिचारिकेने त्याला जबरदस्तीने गाडीत घातले. दुसरी हकीकत याहून साधी आहे. रोग्याला न सांगता चहातून द्यायचे, दारू सोडविणारे म्हणून विकले जाणारे चूर्ण एका माउलीने मुलाला दिले. अशा औषधाच्या अमलाखाली दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, वांत्या होतात, रक्तदाब कोसळतो. आणि तसेच झाले. ज्या औषधाला डॉक्टरची देखरेख आणि रोग्याची संमती या दोन्ही लागतात, ते त्या माउलीने प्रेमापोटी चोरून दिले होते.

आपल्याकडे व्यसनमुक्तीचे काम झालेच नाही, असे म्हणणे हा कृतघ्नपणा ठरेल. गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आपल्या भजनांतून व ग्रामगीतेतून विदर्भाच्या खेड्याखेड्याला व्यसनाविरुद्ध उभे केले. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत महानत्यागी बाबा जुमदेवजींच्या ‘परमात्मा एक’ सेवकांची हजारो घरे आहेत, आणि त्या मार्गात येणाऱ्याला दारू दारातच ठेवून यावे लागते. एका माणसाने व्यसन सोडले की सारे घर, प्रसंगी सारी वस्ती त्याच्याभोवती उभी राहते, ही या मार्गाची ताकद मी जवळून पाहिली आहे. नैतिक बळ आणि सोबतीची माणसे ही व्यसनमुक्तीची अर्धी चिकित्सा होय, याविषयी आता वैद्यकशास्त्रालाही शंका नाही. प्रश्न उरलेल्या अर्ध्या चिकित्सेचा आहे.

ती अर्धी चिकित्सा महाराष्ट्रात कशी उभी राहिली, हे नव्या पिढीला ठाऊक असावे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, शिरली तेव्हा अनिल अवचटांनी त्या मुलांमध्ये बसून, त्यांच्या आईबापांशी बोलून ‘गर्द’ ही लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व मदतीसाठी पुढे आले. आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी त्या मदतीच्या आधारे २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट औषधांची नव्हती. व्यसनी माणसाला त्यांनी गुन्हेगारही मानले नाही आणि पापीही मानले नाही. तो आजारी आहे असे मानले, आणि त्याला ‘रुग्णमित्र’ हा शब्द दिला. या एका शब्दाने दारात उभ्या असलेल्या माणसाची मान वर झाली. बरे झालेले रुग्णमित्रच पुढे तेथे कार्यकर्ते झाले. ३५ दिवसांच्या वास्तव्यानंतर घरी गेलेल्याचा पाठपुरावा कसा करावा, याची शिस्त तेथे बसली. नवऱ्याच्या व्यसनाने खचलेल्या बायकांचा ‘सहचरी’ गट तेथे भरू लागला. १९९७ मध्ये अनिताताई गेल्या, २०२२ च्या जानेवारीत अवचटही गेले; परंतु काम थांबले नाही, कारण मुक्ता पुणतांबेकर यांच्यासारख्या मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसांच्या हाती ते सोपविलेले होते.

पुण्याहून आमच्याकडे यावे तर गडचिरोली जवळची. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या साथीने उभ्या राहिलेल्या जनआंदोलनाच्या रेट्यामुळे १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या निर्णयावर वर्तमानपत्रांतून बराच वाद झाला, तो येथे पुन्हा मांडीत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की बंदी असलेल्या गडचिरोलीतसुद्धा बंदी पुरेशी नाही हे ओळखून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान उभे करण्यात आले, आणि त्यात गावसंघटनेच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय व गावोगाव शिबिरे यांची व्यवस्था केली गेली. दुकान बंद करणारा कायदा आणि माणूस बरा करणारा हात या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली म्हणजे गावातले परवान्याचे दुकान हटेल. परंतु त्या रात्री ज्याचे हात थरथरतील त्याच्या उशाशी कोण बसणार, हे मतपेटी सांगत नाही.

तेथे बसणाऱ्या माणसाचे काम कसे असते, ते मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आमच्या मुलामुलींनी ते आपल्या उपजीविकेचे साधन म्हणून निवडावे, अशी माझी इच्छा आहे.

समुपदेशकाच्या खोलीत पोरगा येतो तो सहसा स्वतः होऊन येत नाही. आईने आणलेला असतो. आई बोलत असते आणि पोरगा फरशीकडे पाहत असतो. अननुभवी माणूस येथे पहिली चूक करतो. तो विचारतो, ‘तू दारू का पितोस?’ या प्रश्नाला आजवर कोणत्याही पोराने खरे उत्तर दिलेले नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नसते. शिकलेला समुपदेशक आईला थोडा वेळ बाहेर बसवतो, पाणी देतो, बाजार कसा झाला, रोवणी आटोपली काय, हे विचारतो, आणि मग कधीतरी म्हणतो, ‘थांबावं असं कधी वाटलं होतं काय गा?’ मग पोरगा वर पाहतो. ‘ताई, मले सोडाच लागते, पन रात झाली का हात कापते.’ झाडीपट्टीच्या बोलीतले हे एक वाक्य मिळविण्यासाठी कधी अर्धा तास लागतो, कधी तीन भेटी. माणसाच्या स्वतःच्याच तोंडून त्याच्या बदलाची कारणे काढून घेण्याच्या या पद्धतीचे शास्त्र अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडले, आणि आज जगभर ते शिकविले जाते. पण ते बपेऱ्यात वापरायचे तर बपेऱ्याचीच बोली हवी; पुण्या-मुंबईच्या भाषेत ते निम्मे वाया जाते.

त्यानंतर लांबचा रस्ता सुरू होतो. शरीरातून नशा उतरविणे हे डॉक्टरचे आणि परिचारिकेचे काम, आणि ते तुलनेने लौकर होते. मन, घर आणि गाव यांचे काम वर्ष-दोन वर्षे चालते. पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी यायचे, मंडईच्या रात्री कोणाबरोबर बसायचे, लग्नाच्या वरातीत कोणी पेला पुढे केला तर काय बोलायचे, हे सारे आधी ठरवावे लागते आणि नाटकाच्या तालमीसारखे घोकून घ्यावे लागते. आणि इतके करूनही पोरगा एखाद्या दिवशी घसरतो. गावाला ते अपयश वाटते; व्यावसायिकाला तो आजाराचा स्वभाव ठाऊक असतो, म्हणून तो दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात जाऊन बसतो. ज्याला प्रत्येक घसरण स्वतःचा पराभव वाटते, त्याने या कामात येऊ नये. ज्याला माणसाच्या सहाव्या प्रयत्नातही रस वाटतो, त्याने जरूर यावे.

शिक्षणाची वाट बंद नाही. नागपुरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आहे, तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे; पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आणि मुंबईत १९३६ पासूनची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. मानसशास्त्राची पदवी, मनोविकारांच्या परिचर्येचे शिक्षण, समाजकार्यातील पदव्युत्तर अभ्यास, यांपैकी कोणत्याही दाराने या क्षेत्रात शिरता येते. स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला तर आणखी एक दार आहे, आणि ते पुस्तकांनी उघडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व मादक द्रव्यांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत गणले आहे. तेव्हा सन्मानाने उपचार मिळणे हा आता रोग्याचा हक्क आहे, आणि नोंदणीविना माणसांना कोंडून ठेवणाऱ्या, मारझोड करणाऱ्या केंद्रांना कायद्यात जागा नाही. हक्क आला की तो बजावून देणारी शिकलेली माणसे लागतात. गरज आहे, शास्त्र आहे, शिक्षण आहे.

नाही तो हुद्दा. व्यसनमुक्ती केंद्रे पुष्कळदा अनुदानावर चालतात. तेथल्या समुपदेशकाला वेतन नसते, मानधन असते, आणि ते अनुदानाची मंजुरी येईल तेव्हा मिळते. प्रकल्पाची मुदत संपली की नेमणूक संपते, आणि ज्या २५-३० कुटुंबांचा त्याच्यावर विश्वास बसलेला असतो त्यांचा धागा एका सरकारी तारखेला तुटतो. हुशार मुलगी हे काम दोन वर्षे करते, तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, आणि घरचे विचारतात, ‘नोकरी कायमची आहे काय?’ ती गप्प राहते आणि तलाठ्याच्या परीक्षेचा अर्ज भरते. तिला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे माझ्या आदराची आहेत. त्यांचे म्हणणे असे, की हे काम सेवेचे आहे. त्याला पगार आणि श्रेणी जोडली की त्यातला ओलावा जाईल, आणि कचेरीत बसणारा आणखी एक कारकून तेवढा वाढेल. ही भीती पोकळ नाही. परंतु शाळामास्तरांचे काम सेवेचे नव्हते काय? सुईणीचे नव्हते काय? त्यांना वेतन मिळाल्याने अक्षरओळख थांबली नाही, आणि बाळंतिणींचे हालही वाढले नाहीत. सेवा करणाऱ्याने उपाशी राहावे, ही अपेक्षा आपण फक्त त्याच कामांकडून करतो, ज्यांच्या रोग्यांना आपल्या लेखी किंमत नसते. क्षयरोग्यासाठी सरकार गावापर्यंत औषध पोहोचविते, मग व्यसनी मुलासाठी तालुक्याला एक कायम माणूस ठेवणे हीच तेवढी उधळपट्टी कशी? ज्या राज्याच्या तिजोरीत अबकारी महसुलाचा भरणा दरवर्षी होतो, त्या राज्याने त्याच दारूने आजारी पडलेल्यांसाठी त्यातला एक लहानसा वाटा बाजूला काढणे हा न्याय होय.

माझी मागणी मोठी नाही. तुमसरसारख्या प्रत्येक तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात व्यसनमुक्ती समुपदेशकाचे एक कायम पद, दरमहा नियमित वेतन आणि सेवापुस्तक. त्याच्या हाताशी त्याच मुलखातली, तीच बोली बोलणारी दोन क्षेत्रकार्यकर्ती माणसे, त्यांतली एक बाई. त्यांना शाळांमध्ये महिन्यातून एकदा तरी जाण्याचा आणि बापांना बोलावून घेण्याचा अधिकार. आणि सरहद्दीवरच्या गावांसाठी बालाघाटच्या आरोग्य खात्याशी रीतसर पत्रव्यवहार, कारण बपेऱ्याचा रुग्ण पुलापलीकडे मामाच्या गावी गेला की त्याचा पाठपुरावा नदीत वाहून जाता कामा नये.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला भरते, आणि त्याच दिवसापासून राज्यात व्यसनमुक्ती सप्ताह सुरू होतो. त्या दिवशी शपथ घेऊन, प्रभातफेरी काढून घरी जाण्यापूर्वी बपेऱ्याच्या आणि सिहोरा भागातल्या सर्व गावांच्या ग्रामसभांनी या पदाच्या मागणीचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा, त्यावर बायांच्या सह्या आधी घ्याव्यात, आणि त्याच्या प्रती जिल्हा परिषदेकडे व जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवाव्यात. तोपर्यंत ज्यांच्या घरी आज रात्रीच गरज पडेल, त्यांनी १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.